तोंडावर दिलेले नंबर

रविवारी दुपारी आमच्या घरात गॅस पेटत नाही. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा मला याचंच फार अप्रूप वाटलं होतं. सकाळी कोपऱ्यावरून तर्री पोहे यायचे आणि ते संपतात न संपतात तोच भासऱ्यांचा मित्र त्याची मोठी गाडी घेऊन दारात हॉर्न वाजवायचा. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. इकडे तसंच म्हणतात. पुढे मित्राशेजारी सासूबाई, मधल्या सीटवर भासरे, जाऊबाई आणि माझा नवरा, मागे मी, पाण्याचा कॅन पायात धरून. आठवडाभरात कुणीतरी कुठलंतरी नवीन ठिकाण शोधून ठेवलेलं असायचं. ओसरीवर पाट मांडून सावजी मटण वाढणारी एखादी बाई, शेतात टेबलं टाकून वडाभात देणारा एखादा माणूस, नाहीतर झाडांना बल्ब लावलेला कॅफे. आम्ही जायचो, खायचो आणि नंबर द्यायचो.

मी आधीच सांगून ठेवते, या लोकांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. मी देवगडच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावातली. वडील गेले तेव्हा मी नववीत होते, तिथेच शाळा सुटली. आमच्या खाडीवर पूल बांधत होते, त्या कामावर माझा नवरा फिटर म्हणून आला होता. त्याने घरी कळवलं आणि या लोकांनी नारळ आणि साडीवर मला करून घेतलं. हात कुणी उगारला नाही. जिथे गेले तिथे मला घेऊन गेले. आमच्या गावातल्या किती बायकांनी इतकं काय काय खाल्लं असेल? त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते तक्रार म्हणून वाचू नये, एवढंच मनाला वाटत राहतं.

नंबर द्यायची पद्धत भासऱ्यांनी सुरू केली. खाऊन झालं की ज्याने रांधलं त्याला बाहेर बोलवायचं, समोर उभं करायचं आणि प्रत्येकाने आळीपाळीने दहापैकी नंबर सांगायचा, कारणासकट. गाडीत बसल्यावर मागून बोलायचं नाही. घरातल्या सगळ्यांना या गोष्टीचा अभिमान होता. भासरे म्हणायचे, बाकीचे लोक मस्त मस्त म्हणून हात धुतात आणि घरी जाऊन शिव्या देतात, आपण तसे नाही. आणि एक नियम होता. दया दाखवायची नाही. कुणी दयेपोटी नंबर वाढवला असं वाटलं तर सासूबाई आपला नंबर तेवढा खाली आणायच्या. सगळ्यात शेवटचा नंबर माझा. मी घास तोंडात घालायच्या आधी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची आणि त्यांच्या आसपासचा आकडा सांगायची. ते बरं पडायचं.

कळमेश्वरच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याने घराच्या पडवीत झुणका आणि पानग्यांची खानावळ काढली होती. पानगे खालून करपले होते. म्हातारा टॉवेलला हात पुसत समोर येऊन उभा राहिला आणि भासऱ्यांनी त्याला तीन दिले. जाऊबाईंनी दोन देऊन कारण सांगितलं, की म्हातारीला दिसत नसेल तर तिने चुलीपासून उठावं आणि माळ घेऊन बसावं. म्हातारी दाराआडच होती. म्हातारा हात जोडून हो जी, हो जी म्हणत राहिला आणि आम्हाला निघताना बडीशेपही आणून दिली. पुढच्या खेपेला तिथून गेलो तर पडवीत खाट टाकलेली होती. आपल्या नंबरांनी दुकान उठलं, असं म्हणून गाडीत सगळे हसले. मीही हसले. सगळे हसत असताना एकटीने गप्प बसलं की लगेच दिसतं.

अशात माझी आई आली. मुंबईकडे भावाच्या खोलीत राहत होती, पण वहिनीला ते जड व्हायला लागलं. गावचं घर पडलेलं, त्याला दार राहिलं नव्हतं. भावाने फोनवर सांगितलं की आईला काही दिवस तुझ्याकडे पाठवतो, आणि ज्या आवाजात सांगितलं त्यावरून मला कळलं की तो तिला परत बोलावणार नाही. मी नवऱ्याच्या मागे लागले. आई इथेच राहिली तर तिला कुणावर भार होऊ देणार नाही, माझ्या ताटातलं देईन, असं काहीबाही बोलले. नवरा माणूस वाईट नाही. तो म्हणाला, आईला विचारावं लागेल. त्याची आई म्हणजे सासूबाई. त्या घरात पाहुणा किती दिवस राहतो हे त्याच ठरवतात.

सासूबाई माझ्या आईशी नीट वागल्या. पहिल्या दिवशी ऊन ऊन जेवण, अंगावर टाकायला नवीन चादर. चार-आठ दिवसांनी मी धीर करून विषय काढला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुही माय मासे भल्ले चांगले करते म्हणतेस नं? मग रविवारी करू दे. सगळे खाऊ. नंबर चांगला आला तर राहील, नाही तर पाहू."

जाऊबाई हसल्या, म्हणून मीही ती गंमतच धरली. पण आमच्या घरात जे गमतीत बोललं जातं तेच पुढे होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. आईला मी नियम काही सांगितला नाही, फक्त एवढंच सांगितलं की सगळ्यांना तुझ्या हातचं खायचंय. तिला केवढा आनंद झाला. तिने पिशवीच्या तळातून कोकमाची सोलं काढली, नारळ खवून वाटण करून डब्यात भरून घेतलं. बऱ्याच दिवसांत तिला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं.

आम्ही खाप्याला निघालो. थंडीचे दिवस होते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, कोळशाच्या ट्रकांमागे गाडी रेंगाळली तेव्हा भासऱ्यांचा मित्र आईच्या बोलण्याची नक्कल करत होता. माका, तुका, खयं. आईला वाटलं तो आपली भाषा शिकतो आहे. ती मागून त्याला एक एक शब्द नीट सांगत होती आणि पुढे हसण्याचा खळखळाट चालला होता.

खाप्याजवळ कन्हानच्या काठावर आमची नेहमीची जागा होती, तिथे हे लोक रोडगे करायला येत. नदीवर मासे विकणारी बाई बसलेली होती. जाऊबाईंनी स्वतः उतरून रोहू घेतला, चांगला मोठा. आईने त्याचे कल्ले उचलून पाहिले, ताजा आहे म्हणून मान हलवली. मग दगडावर बसून तिने तो असा कापला की मासेवालीसुद्धा बघत राहिली. पण कापून झाल्यावर तिने तुकडे एका पाण्यातून काढले, मीठ लावलं आणि पातेल्यात टाकायला घेतले.

मी धावत गेले. इकडे गोड्या पाण्याच्या माशाला बेसन आणि हळद चोळून ठेवतात, दोन-तीन पाण्यांतून चोळून धुतात, नाहीतर चिखलाचा वास जात नाही. इथे आल्यावर मी हे शिकले होते. आईला सांगितलं तर ती माझ्याकडे बघून हसली.

"पाण्यातलो जीव तो. तेका आणि कितक्या पाण्यान धुवचो? चव जाता गो."

जन्मभर तिने समुद्राचे आणि खाडीचे मासे कापले. तिच्या हिशेबाने मासा फार धुणं म्हणजे बाईला काही येत नाही असं होतं. मी पुन्हा सांगितलं, तिचा हात धरला. तेव्हा जाऊबाई मागून आल्या आणि माझा हात सोडवला. म्हणाल्या, करू दे नं त्यांना त्यांच्या पद्धतीने, तू काहून मधात पडून राहिली? त्यांच्या तोंडावर हसू होतं. त्या मासा माझ्यापेक्षा चांगला ओळखतात, त्यांचं माहेर नदीवरचं. डिकीत बेसनाचं पाकीट होतं, भज्यांसाठी आणलेलं. ते त्यांनी उघडू दिलं नाही.

तीन दगडांवर कालवण शिजलं. वास सुंदर सुटला होता, नारळाचा, सोलांचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि वाटलं, होईल सगळं नीट. पत्रावळ्या मांडल्या. आईने पदर खोचून सगळ्यांना स्वतः वाढलं, मधले मोठे तुकडे सासूबाईंना आणि भासऱ्यांना, शेपटीकडचा नवऱ्याला. मग ती उभ्यानेच बघत राहिली, आमच्या गावी जेवणावळीत उभी राहायची तशी.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबल्या आणि तो घास बोटांनी काढून पत्रावळीच्या कडेला ठेवला. मी माझा घास घेतला नव्हता. मग घेतला. गाळ. नदीच्या तळाचा, हिवाळ्यात पाणी आटल्यावर उघडा पडतो तो गाळ, त्यावर नारळ आणि सोलं. भासऱ्यांच्या मित्राने थू केलं आणि काटा लागल्याचं सोंग केलं. बाकीच्यांनी नुसता भात खाल्ला. आई विचारत होती, आणखी वाढू?

जेवण झाल्यावर भासऱ्यांनी तिला पुढे बोलावलं. विहीणबाई, आमची एक पद्धत आहे, आम्ही तोंडावर बोलतो, राग मानायचा नाही. आईने हसून पदर सारखा केला. तिला वाटलं, आता कौतुक करणार, म्हणून ती जरा लाजलीही.

मित्र म्हणाला, चार, त्यातले तीन भाताचे. भासऱ्यांनी तीन दिले आणि सांगितलं की नारळ वाया गेला. जाऊबाई म्हणाल्या, "दोन. मले तर वाटलं नदीच गरम करून वाढली." तेव्हा मात्र सगळे मोकळेपणी हसले. नवऱ्याची पाळी आली. तो पाण्याकडे बघत होता. पाच, म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. दया दाखवली, म्हणून त्यांनी आपला नंबर खाली आणला. एक.

आता माझी पाळी होती. दहा म्हणावंसं वाटत होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण सासूबाई काय करतील ते मला माहीत होतं. एकावरून खाली यायला शून्यच राहिलं होतं, आणि मग आईचं काय ते तिथेच ठरलं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि आईही बघत होती. एव्हाना तिला हे काय चाललंय ते कळलेलं होतं. प्रत्येक आकड्याबरोबर तिचं हसू थोडं थोडं उतरत गेलेलं मी पाहिलं होतं.

मी बोलायच्या आधी ती खाली वाकली. पातेल्यातला एक तुकडा उचलला, काटा काढला आणि शांतपणे चावून गिळला. तिने तोवर खाल्लंच नव्हतं. मग ती सासूबाईंकडे वळली.

"ह्यो मासो मीच रांधलंय. चिखल खाल्ल्यासारखो लागता. शून्य."

मग सासूबाई हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थापा मारत. स्वतःलाच शून्य दिला बाईने, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. भासरे टाळ्या वाजवायला लागले. इतक्या ठिकाणी गेलो, इतक्या लोकांना उभं केलं, पण असा माणूस भेटला नव्हता, असं मित्र म्हणाला. आईही हसत होती. मी तिचे हात बघत होते. तिने ते पदरात घट्ट गुंडाळून धरले होते.

परत येताना सासूबाईंनी आईला मधल्या सीटवर बसवलं आणि नवऱ्याला मागे माझ्याजवळ पाठवलं. सावनेरचा रस्ता लागला तेव्हा त्यांनी मान न वळवता सांगून टाकलं.

"राहू दे वं तुह्या मायले. मजा येते."

मी घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. देवाला हात जोडले, सासूबाईंनाही मनातल्या मनात जोडले. आईला छप्पर मिळालं होतं. ते कशामुळे मिळालं याचा विचार मी त्या दिवशी केला नाही, करायचा नव्हता.

त्यानंतर आई आमच्या रविवारांचा जीव झाली. तिच्याशिवाय गाडी निघेना. ते लोक तिला माका-तुका म्हणायला लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि ती ओ द्यायची. नवीन ठिकाणी तिचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवायचे, कारण तोच ऐकण्यासारखा असायचा. आणि आईने ते ओळखलं. ती काय बोलली की ते हसतात हे तिला दोन-तीन खेपांत कळलं. सावजी मटणाच्या बाईला तिने सांगितलं की ह्या तिखटान तुझो घोव मेलो काय गो? बाईचा नवरा खरंच गेलेला होता, भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आईला तो दिसला होता. मी तिच्या शेजारीच होते, मला माहीत आहे. सासूबाई हसून लोटपोट झाल्या. मटण उत्तम होतं, आईने तीन वेळा रस्सा घेतला होता, आणि नंबर दिला एक.

माझी आई अशी नव्हती. गावी कुणाच्या घरी आळणी वरण मिळालं तरी ती ताट चाटूनपुसून उठायची आणि त्या बाईला म्हणायची, तुझ्या हाताक चव असा. हे मी इथे लिहून ठेवते, कारण आता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा सासूबाईंनी नवीन काढलं. रविवारी बाहेर जे खाल्लं तेच बुधवारी मी घरी करायचं, आणि पहिला नंबर विहीणबाईंनी द्यायचा. पहिला नंबर म्हणजे मान होता. आईला खुर्ची दिली. आदल्या रविवारी पाटोडीचा रस्सा खाल्ला होता, म्हणून मी पाटोडी केली. बेसन नीट शिजवून थापलं, वड्या पाडल्या, मसाला मंद आचेवर काळपट होईपर्यंत परतला. रस्सा चाखला आणि मला स्वतःलाच बरं वाटलं. बाहेरच्यापेक्षा चांगला झाला होता. मी असं सहसा म्हणत नाही.

आईने घास घेतला. दुसरा घेतला. लहानपणी मी पहिल्यांदा भाकरी थापली होती तेव्हा ती जशी खाली मान घालून जेवत राहिली होती, तशीच जेवत राहिली. नवऱ्याने विचारलं, बोला नं आई. सासूबाई वाट बघत होत्या, ओठ आधीच हसायच्या तयारीत. आईने ताटावरून नजर उचलली ती थेट सासूबाईंकडे. माझ्याकडे नाही.

"दोन. हिका पयल्यापासून मिठाचा ग्यानच नाय."

काय हसले सगळे. पोटची पोरगी आणि दोन. जाऊबाईंनी आईला आग्रहाने पोळी वाढली. सासूबाई म्हणाल्या की ही खरी बाई, हिला ना आपलं ना परकं. मी रश्शाचं पातेलं उचलून आत नेलं.

थोड्या वेळाने आई ताट घेऊन स्वयंपाकघरात आली. बाहेर टीव्ही लागला होता. तिने पातेल्यात उरलेला रस्सा बोटाने निपटून खाल्ला, पार कडेपर्यंत, मग ते पातेलं माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः घासायला बसली. मी ओट्याला टेकून उभी होते. मला वाटलं, ती काहीतरी म्हणेल, जवळ घेईल. तिने वर बघितलंच नाही.

"फुडल्या येळेक मीठ चुकवून घाल," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे माका खोटा बोलूक नको."

पुढच्या बुधवारी वडाभात होता. मी वड्यांच्या पिठात मीठ दोनदा घातलं. आईने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि एक दिला. तो खरा होता. सगळे हसले, आईही हसली, आणि या खेपेला तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून मी बुधवारी काहीतरी चुकवते. कधी मीठ, कधी फोडणी जाळते. नवरा म्हणतो, तुझा हात बिघडत चालला आहे. सासूबाई सगळ्यांना सांगतात की पोरीला काही येत नाही, पण तिची माय सोन्यासारखी आहे. आई अजून आमच्याकडेच आहे.